दोन फुटांवर पाणी असलेलं गाव : नव शापेल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचे पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये होते आणि त्यांचं नाव फ्रान्समधल्या 'नव शापेल' इथल्या भिंतीवर कोरलेलं आहे, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे गाव नेमकं कुठे आणि कसं आहे? एवढ्याशा गावासाठी एवढी माणसं का मेली? आज तिथं जाऊन काही दिसतं का?"

मी स्वतः बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या खडकीच्या इंजिनिअर दलात, सर्व्हेच्या कामात नोकरी केली. निवृत्तीनंतर पहिल्या महायुद्धात गेलेल्या जवानांच्या नोंदी त्यांच्या घरच्यांना शोधून देतो. नव शापेलला तीनदा जाऊन आलो आहे, त्यातल्या एका खेपेला फक्त जमीन बघायला. उत्तर लांबणार आहे, कारण त्या गावाचा भूगोल कळल्याशिवाय तिथलं युद्ध कळत नाही.

आधी नाव. फ्रेंचमधला 'नव' म्हणजे आपला 'नवा'च. संस्कृत 'नव' आणि हा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. शापेल म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर. म्हणजे आपल्याकडे 'नवं देऊळ' असं वाडीचं नाव पडावं, तसं हे नाव. नावातच गावाचा आकार आला: मोठं चर्च नाही, बाजारपेठ नाही, किल्ला नाही. आजही वस्ती हजार-दीड हजाराच्या आसपासच आहे.

गाव फ्रान्सच्या अगदी उत्तरेला, पा-द-कॅले जिल्ह्यात आहे. लील हे मोठं शहर तिथून साधारण पंचवीस किलोमीटर. दक्षिणेला ला बासे, नैऋत्येला बेथ्युन, उत्तरेला एस्तेर. हा आर्त्वा आणि फ्लँडर्स या दोन जुन्या प्रांतांच्या सीमेवरचा पट्टा आहे, आणि सीमेवरच्या मुलखाचं जे होतं तेच याचं झालं. बर्गंडीचे ड्यूक, मग स्पेनचे हॅब्सबर्ग, असं करत हा मुलूख फिरत राहिला. 1659 च्या पिरेनीजच्या तहात आर्त्वाचा बहुतेक भाग फ्रान्सला मिळाला आणि लील 1668 मध्ये फ्रान्सकडे आलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1790 मध्ये प्रांत मोडून जिल्हे पाडले गेले, तेव्हा पा-द-कॅले हे नाव आलं. पुढची सव्वाशे वर्षं या भागात गहू, बटाटा, साखरेचं बीट आणि लिस नदीच्या खोऱ्यातलं प्रसिद्ध जवस, म्हणजे ज्याच्या धाग्याचं लिननचं कापड होतं ते पीक, निघत राहिलं. दक्षिणेला बेथ्युन-लान्सकडे कोळशाच्या खाणी सुरू झाल्या. नव शापेल त्या खाणपट्ट्याच्या बाहेर, शेतीतच राहिलं.

आता जमीन, कारण सगळं तिथेच आहे.

लिस नदीचं हे खोरं म्हणजे सपाट परात. समुद्रसपाटीपासून उंची वीसेक मीटर. वर गाळाची माती, खाली फ्लँडर्सची चिकण. ही चिकण पाणी खाली झिरपू देत नाही, त्यामुळे पावसाचं पाणी वरच साचून राहतं. हिवाळ्यात दोन-तीन फूट खणलं की खड्ड्यात पाणी उतरतं. म्हणून गावकऱ्यांनी शेकडो वर्षांपासून बांधाबांधाला चर काढलेले आहेत. चराचं पाणी मोठ्या नाल्यात आणि नाल्याचं लिस नदीत. गावाच्या पूर्वेला 'ले' नावाचा असाच एक ओहोळ आहे. आपल्याकडचा पाट असतो तेवढाच: सरळ रेषेत खणलेला, दोन-तीन मीटर रुंद. दुसऱ्या खेपेला मी मार्च महिन्यात गेलो होतो. एका शेताच्या कडेच्या चरात हातातली काठी उभी केली, तर पाण्याची पातळी शेताच्या तोंडापासून वीतभरच खाली होती. पाऊस दोन दिवसांपूर्वी थांबलेला होता. बुटाला लागलेली चिकण मुक्कामी पोचल्यावर सुरीने खरवडून काढावी लागली.

या मुलखात घरं लाल विटांचीच आहेत, कारण दगड नाही. खडूचा दगड लागतो तो दक्षिणेला, ला बासेच्या पलीकडे. चिकण मात्र पायाखालीच, म्हणून वीट.

पूर्वेला दोन-अडीच किलोमीटरवर एक चढ आहे, ओबेरची टेकडी. टेकडी म्हणताना मला संकोच वाटतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ती दिसणारसुद्धा नाही. आजूबाजूच्या शेतांपेक्षा फार तर वीस मीटर उंच, आणि तीही मैलभर अंतरात हळूहळू चढत गेलेली. पण सपाट परातीत वीस मीटरला काय किंमत असते, हे सर्व्हे करणारा माणूस लगेच ओळखतो. वर उभं राहिलं की खालची सगळी रानं, रस्ते, गावं उघडी पडतात. शिवाय वरची जमीन कोरडी राहते. खंदक खणता येतो, तळघर करता येतं. ज्याच्या ताब्यात टेकडी, तो कोरडा आणि बघणारा. खालचा ओला, आणि वरून दिसणारा.

1914 च्या ऑक्टोबरात दोन्ही सैन्यं एकमेकांना बगल द्यायला उत्तरेकडे सरकत सरकत या परातीत येऊन अडकली. जर्मन ओबेरच्या चढावर बसले आणि ब्रिटिश खाली. मधे नव शापेल. म्हणजे या गावात कुणाला हवं असं काहीही नव्हतं. ते फक्त टेकडीच्या पायथ्याला, चार रस्त्यांच्या जवळ होतं. एवढ्यावर त्याचं नशीब ठरलं.

ऑक्टोबरच्या मध्याला ब्रिटिशांनी गाव घेतलं, आणि 26-27 तारखेला जर्मनांनी ते परत घेतलं. त्याच सुमारास ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन नुकतीच आघाडीवर पोचत होती. ही डिव्हिजन 26 सप्टेंबरला मार्सेयला जहाजातून उतरली होती. तिच्यात खडकीच्या 3 ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. तुमचे पणजोबा यांतल्या एखाद्या कंपनीत असण्याचा संभव मोठा आहे.

28 ऑक्टोबर 1914 ला गाव परत घ्यायचा हुकूम निघाला. पायदळ पुरेसं नव्हतं. म्हणून 47 वी शीख पलटण आणि तिच्या बरोबरीने आपल्या या दोन सॅपर कंपन्या पुढे काढल्या. इथे मला थांबून सांगायलाच हवं. सॅपर म्हणजे कारागीर शिपाई. सुतार, लोहार, गवंडी, पूल बांधणारा, सुरुंग लावणारा. त्याला घडवायला वर्षं लागतात. त्या दिवशी या माणसांना बंदूक आणि संगीन घेऊन सहा-सातशे यार्डांच्या उघड्या, सपाट शेतातून गावावर चालून जायला लावलं. आडोसा कसलाच नाही. आणि ते गावात पोचले. घराघरांतून, परसांतून, भिंतीआडून हातघाईची लढाई झाली. गावाचा बराच भाग त्यांनी मिळवला. पण मागून कुमक आली नाही, आणि मग मागे फिरताना मशिनगनच्या माऱ्यात सापडले. शिखांच्या 289 जणांपैकी 68 जण परतले. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. उरलेल्या जवानांना आपल्याच देशी अधिकाऱ्यांनी बाहेर काढलं. आमच्या पलटणीत नव शापेल हे नाव आदराने घेतात, ते या दिवसासाठी.

त्यानंतरचा हिवाळा पाण्यात गेला. खणलं की पाणी, त्यामुळे खंदकाऐवजी जमिनीच्या वर मातीच्या पोत्यांची, फांद्यांच्या ताट्यांची, माणूसभर उंचीची भिंत उभी करायची. ही भिंत पावसाने खचायची, तोफेने उडायची आणि रात्री पुन्हा बांधायची. हे काम सॅपर आणि पायोनियर करत. आपल्या गावाकडे पावसाळ्यात बांध फुटला की रातोरात तो घालतात, तसंच हे. फरक एवढाच की तिथे समोरून गोळ्या येत होत्या.

10 मार्च 1915 ची लढाई तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकांत सापडेल, ती मी पटकन सांगतो. जर्मन रेषा गावाभोवती पश्चिमेकडे फुगलेली होती. तो फुगवटा कापून ओबेरच्या चढावर जायचं आणि पुढे लीलला धक्का द्यायचा, अशी योजना होती. उत्तरेकडून ब्रिटिश डिव्हिजन, दक्षिणेकडून मेरठ डिव्हिजन. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने तिच्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. विमानातून फोटो काढून त्यांवरून जर्मन खंदकांचे 1:5000 चे नकाशे तयार केले आणि हल्ल्याआधी ते खालपर्यंत वाटले. हवाई सर्वेक्षणावर बेतलेला इतक्या तयारीचा हा पहिलाच हल्ला. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, 35 मिनिटं चालल्या आणि 8 वाजून 5 मिनिटांनी पायदळ उठलं. सकाळीच गाव हातात आलं. गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी याच दिवशी एका खंदकातून पुढे पुढे सरकत लढले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि गावाच्या पलीकडे सगळं थांबलं. टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या, हुकूम पोचायला तासन्‌तास लागत होते आणि राखीव तुकड्या उशिरा निघाल्या. वेळ मिळाल्यावर जर्मनांनी त्या 'ले' ओहोळावरच्या पुलापाशी मशिनगनी बसवल्या. मागे 'ब्वा द्यु बिए' नावाचं रान आहे, त्याच्या आडोशाने त्यांची कुमक आली. मी म्हटलं ना, आपल्या पाटाएवढा ओहोळ! पण बर्फाळ पाणी, निसरडे चिकणीचे काठ आणि समोर मशिनगन असताना तेवढा पुरतो. 12 तारखेला जर्मनांनी प्रतिहल्ला केला, तो परतवला. 13 तारखेला लढाई थांबली. रेषा किलोमीटरभर पुढे गेली होती. ब्रिटिश आणि हिंदी मिळून बारा हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी किंवा बेपत्ता झाली. त्यांतली चार हजारांवर आपली. जर्मनांचंही नुकसान जवळपास तेवढंच. ओबेरचा चढ मात्र त्यानंतर साडेतीन वर्षं जर्मनांकडेच राहिला.

तेव्हा "एवढ्याशा गावासाठी एवढी माणसं का मेली" या प्रश्नाला माझं सरळ उत्तर असं आहे की ती गावासाठी मेली नाहीत. पलीकडच्या वीस मीटरच्या चढासाठी मेली, आणि त्या चढापर्यंत कुणी पोचलंच नाही.

गावाचं पुढे काय झालं, हेही ऐका, कारण त्या लोकांचं दुःख आपण विसरतो. 1915 नंतर तिथे घर असं राहिलंच नव्हतं. पडक्या विटांच्या ढिगांत ख्रिस्ताचा एक क्रूस उभा राहिला होता, त्याचे फोटो तेव्हा पोस्टकार्डांवर छापले गेले. 1917 मध्ये हा भाग ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या पोर्तुगीज सैन्याकडे आला. 9 एप्रिल 1918 ला जर्मनांनी नेमका त्यांच्यावर प्रचंड हल्ला केला आणि गाव पुन्हा गेलं. त्या क्रुसावरच्या मूर्तीचे पाय आणि एक हात तुटले. 1958 मध्ये फ्रान्सने ती मूर्ती पोर्तुगालला दिली. आज ती तिथल्या बाताल्याच्या मठात, अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे. पोर्तुगालमध्ये तिला 'खंदकातला ख्रिस्त' म्हणतात. म्हणजे या गावाच्या रस्त्याकडेची मूर्ती आज दुसऱ्या देशाचं स्मारक होऊन बसली आहे.

युद्ध संपल्यावर लोक परतले. एप्रिल 1919 मध्ये फ्रान्सने युद्धात ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई देण्याचा कायदा केला. आधी लाकडी बराकींत राहून माणसांनी शेतं सपाट केली, चर पुन्हा काढले आणि विसाच्या दशकात विटांची घरं बांधली. आज दिसणारं गाव हे. पण सर्व्हेवाल्याच्या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. घरं नवी आहेत, रेघा जुन्या आहेत. मी 1915 चा खंदकांचा नकाशा आणि आजचा नकाशा एकाच मापात काढून एकमेकांवर ठेवले. चौक जागच्या जागी, ओहोळ जागच्या जागी, बिएच्या रानाची कड जवळपास तशीच. लोकांनी आपापल्या पट्ट्यावर, आपापल्या बांधावर परत घर बांधलं. कोयना धरणात गेलेल्या गावांचं मी लहानपणी ऐकलं होतं, की लोक उठून दुसरीकडे वसले. इथे गाव गेलं आणि त्याच जागी परत आलं. या भागातले शेतकरी आजही नांगरताना गंजलेले तोफगोळे वर काढतात, शेताच्या कडेला ठेवतात आणि बॉम्ब निकामी करणाऱ्या सरकारी पथकाला कळवतात. तुम्ही गेलात आणि बांधावर तसलं काही दिसलं, तर हातही लावू नका. शंभर वर्षांनंतरही ते फुटू शकतं.

आता तुमची भिंत. स्मारक गावात नाही, गावापासून चालत पंधरा मिनिटांवर एस्तेर-ला बासे रस्त्याच्या चौकात आहे. सैनिकांनी त्या चौकाला 'पोर्ट आर्थर' नाव दिलं होतं. स्थानिक नाव 'ला बोंब'. कागदोपत्री ती जागा शेजारच्या रिशबूर गावाच्या हद्दीत येते, त्यामुळे टॅक्सीवाल्याशी बोलताना दोन्ही नावं सांगा. हर्बर्ट बेकर या वास्तुरचनाकाराने ते बांधलं आणि 7 ऑक्टोबर 1927 ला त्याचं अनावरण झालं. फ्रान्सचे मार्शल फोश त्या वेळी हजर होते. गोल आवार आहे. अर्ध्या वर्तुळात दगडी जाळी, अगदी आपल्याकडच्या वास्तूंची आठवण व्हावी अशी, आणि उरलेल्या अर्ध्यात नावांची भिंत. समोर साधारण 15 मीटर उंच स्तंभ, वर कमळ, दोन्ही बाजूंना दगडी वाघ. पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममध्ये, पडलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चिता कुठे झाली याचा पत्ता नाही, अशा 4700 हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावं तिथे आहेत. स्तंभाच्या पायाशी इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीबरोबर देवनागरी अक्षरंही कोरलेली आहेत. परमुलखातल्या त्या शेतांच्या मधोमध आपली अक्षरं दिसली की पुढचा थोडा वेळ बोलता येत नाही. 2023 पासून हे स्मारक पश्चिम आघाडीच्या इतर स्मारकांबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. रस्त्याने थोडं पुढे पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, 1831 कबरींची. तिथेही पाच मिनिटं थांबा.

जाण्यासाठी लीलहून बेथ्युनकडे जाणारी लोकल गाडी पकडून ला बासेला उतरा. तिथून पाच-सहा किलोमीटर. सायकल मिळाली तर उत्तम. गाडीने गेलात तर तो चढ, तो ओहोळ काहीच कळणार नाही. स्मारकापासून गावात, गावातून पूर्वेला ओहोळापर्यंत आणि तिथून ओबेरपर्यंत पायी जा. ओबेरला पोचून मागे वळून बघा. उन्हाळ्यात गेलात तर सगळं हिरवंगार आणि कोरडं दिसेल. जमल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये जा.

शेवटी नाव शोधण्याबद्दल. भिंतीवर नावं पलटणीप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे आहेत. '3 रे सॅपर्स अँड मायनर्स' हे शीर्षक शोधा. इंग्रजी कारकुनांनी आपली आडनावं कानाला येतील तशी लिहिली आहेत, पुष्कळदा आडनाव लिहिलेलंच नाही. म्हणून पणजोबांच्या पहिल्या नावाने शोधा, तीन-चार स्पेलिंगं धरून. भिंतीवर गाव नसतं, पण युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाच्या (CWGC) नोंदवहीत बऱ्याच जणांपुढे वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, आणि ती नोंदवही इंटरनेटवर पाहता येते. एक सावधगिरी: मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या. पणजोबा सॅपर नसून मराठा पलटणीत होते असं निघालं, तर नाव नव शापेलला नसून इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदवहीत असण्याची शक्यता जास्त.

हे घरबसल्या ठरवायची एक खूण आहे. देवघरात, ट्रंकेत कुठे जुनी पदकं असतील तर त्यांत ताऱ्याच्या आकाराचं, ब्राँझचं पदक आहे का पाहा. त्याच्या मधोमध फक्त '1914' असेल आणि वर-खाली ऑगस्ट-नोव्हेंबर कोरलेलं असेल, तर ते 22 नोव्हेंबर 1914 च्या आत फ्रान्स किंवा बेल्जियमच्या आघाडीवर होते, म्हणजे 28 ऑक्टोबरला नव शापेलला असू शकतात. '1914-15' असेल तर ते नंतर गेले किंवा दुसऱ्या आघाडीवर होते. तारा उलटा करा. मागच्या सपाट बाजूवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं जातात. तिरपा उजेड पाडून फोटो काढा आणि तो नंबर मला कळवा. तेवढ्यावर पुढचा शोध मी घेतो.